माळावरचं निम्मं बोलणं

वारूळवाडीत आमच्या शेजारी एक टोमॅटोचे बागायतदार राहतात. मी दिल्लीहून परत आलो की फाटकावर रेलून त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा. "काय राव वकील, लांडग्यानं वकीलपत्र दिलं का न्हाई? कागदावर पंजा उमटवून घेतला का?" मी हसून बॅग घरात ठेवायचो. इतकी वर्षं मला तो नुसता विनोद वाटला. आता वाटतं, माझ्या धंद्यातली खरी अडचण त्या एका माणसानेच ओळखली होती. जनावर वकीलपत्र देत नाही. म्हणून त्याच्या वतीने बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाने तोंड फार सांभाळून उघडलं पाहिजे.

गेल्या महिन्यात मला एक फोन आला आणि तेव्हापासून मी एका जागी बसू शकलेलो नाही. बायको म्हणते, या वयात माणसं इतकी उड्या मारत नाहीत, गुडघे सांभाळा. पण त्या फोनमुळेच हा लेख लिहायचं धाडस झालं. गावोगावच्या सत्कारांत माझ्याबद्दल जे बोललं गेलं, एका मासिकाने 'माळाचा वकील' म्हणून माझा फोटो छापला, त्यातलं बरंचसं खरं आहे. जे खरं नाही ते आज सांगतो.

आधी धंदा समजावून सांगतो, कारण आमच्या घरातही तो पुरता कुणाला कळलेला नाही.

मी मुळात जुन्नरच्या कोर्टातला वकील. बांध कुणाचा, विहिरीच्या पाण्याची पाळी कुणाची, असल्या दाव्यांवर माझी चूल पेटायची. पुढे पुण्यातल्या एका छोट्या संस्थेला वन्यजीवांच्या कायद्याचं काम करायला माणूस हवा होता, तिथे गेलो आणि तिथेच म्हातारा झालो. संस्थेच्या प्रमुख बाईंना आम्ही सगळे ताई म्हणायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं की कायदा संसदेत होतो हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. आपलं काम त्याच्या खालच्या मजल्यावर चालतं. कायद्याखाली नियम असतात, नियमांखाली मार्गदर्शक सूचना, त्यांच्याखाली परिपत्रकं. वाघाला मारू नका, हे वरच्या मजल्यावर लिहिलेलं असतं. पण तो वाघ ज्या ओढ्यात पाणी पितो तिथून रस्ता जाईल की नाही, हे तळमजल्यावर एखाद्या उपसचिवाच्या टेबलावर ठरतं. सरकार मसुदा जाहीर करतं, हरकती आणि सूचना मागवतं, मुदत देतं. त्या मुदतीत मुद्देसूद हरकत लिहायची, खासदाराला गाठून सभागृहात प्रश्न विचारायला लावायचा, समिती बसली तर तिच्यापुढे उभं राहायचं, आणि एवढं सगळं करून मसुद्यातली एखादी ओळ बदलून आणायची. एक ओळ. ती बदलली की आम्ही आइस्क्रीम खायचो.

यात गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची भेटतात. आंबेगावच्या पश्चिमेला जंगलातून एक रस्ता रुंद होणार होता. तिथल्या झाडांच्या फांद्या वरून एकमेकींत गुंतलेल्या, आणि शेकरू जमिनीवर सहसा उतरत नाही, झाडावरून झाडावर जातं. फांद्या तोडल्या की त्याचा रस्ता बंद. हे मी परप्रांतातल्या एका खासदारांना मन लावून समजावून सांगितलं, फोटो दाखवले. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, हे एका वेळी अंडी किती घालतं? मी शांतपणे म्हणालो की साहेब, ही खार आहे. ते म्हणाले, मग उडते कशाला? तरीही त्यांनी प्रश्न विचारला, आणि चांगला विचारला. रस्ता झाला, पण वरच्या फांद्या जुळलेल्याच राहिल्या. तिथल्या डोंगरी वस्तीतल्या बायांनी आम्हाला नव्या तांदळाचा भात आणि नाचणीच्या पापड्या खाऊ घातल्या. परतताना ताई म्हणाल्या, बघितलंत, आपण रस्ता रद्द करा म्हणालो नाही, भरपाई मागितली नाही, फक्त फांद्या मागितल्या. एका भेटीत एकच मागणी.

एका भेटीत एकच मागणी. हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. दोन गोष्टी मागितल्या की समोरचा माणूस सोपी नाकारतो आणि अवघड विसरतो. हा नियम मी इतका घोटला होता की घरात बायकोला भाजी आणायला सांगतानाही एकाच भाजीचं नाव घ्यायचो. याच नियमाने माझ्याकडून ते करवलं जे आज सांगतो आहे. नियमावर ढकलत नाही. तोंड माझंच होतं.

जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला आण्याचं पठार आहे. आमच्या बाजूला धरणाचं पाणी, ऊस, द्राक्षं. घाट चढून आण्याला गेलं की सगळं एकदम उघडं होतं. गवत, दगड, वारा आणि मोठं आभाळ. नवख्या माणसाला तिथे काहीच दिसत नाही. दिल्लीतल्या नकाशालाही दिसलं नाही. पीक नाही, झाडी नाही, म्हणून असे माळ सरकारी भाषेत 'पडीक' ठरतात. आणि पडीक म्हटलं की ते कुणालाही द्यायला मोकळे. कुणी येऊन खड्डे खणून परदेशी झाडं लावतो, कुणी कंपनीचं कुंपण घालतो. आमचं म्हणणं होतं की हे पडीक नाही, हे गवताचं रान आहे. तिथे लांडगा राहतो, खोकड राहतं, तरस येतं, माळटिटवी उघड्यावर अंडी घालते. देशभरातल्या अशा माळांना पडीक जमिनींच्या यादीतून काढा, एवढीच मागणी घेऊन आम्ही कितीतरी वर्षं दिल्लीचे जिने चढलो.

शेवटी एक समिती नेमली गेली आणि समितीने ठरवलं की एखादा माळ प्रत्यक्ष पाहू. तो माळ आण्याचा निघाला. मला त्या दिवशी झोप लागली नव्हती, इतका आनंद झाला होता.

माळ दाखवायला माणूस हवा. मी भिवाभाऊंना गाठलं. भिवाभाऊ म्हणजे तिथले मेंढपाळ, माझ्याच वयाचे. दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन कोकणाकडे उतरायचे आणि पावसाळ्याआधी माळावर परतायचे, वाडवडिलांपासून हाच फेरा. माणूस भारी गमतीचा. फोटोची फार हौस. कॅमेरा दिसला की आधी पटका सारखा करणार. थापाही मारायचे. एकदा लांडग्याने आख्खा बैल ओढून नेला, हे त्यांनी मला तीन वेगवेगळ्या गावांची नावं घेऊन सांगितलं होतं. समिती येणार म्हटल्यावर त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं आणि मला बजावलं, "सायबांना म्हना, लांडगा आमच्या वळखीचा हाय. सांगावा धाडला की येतोय."

आणि तो आला. सकाळचं ऊन, गवत पिवळं पडत चाललेलं, अध्यक्ष आणि त्यांची माणसं गाड्यांतून उतरून नुकती उभी राहिली होती. अध्यक्ष म्हणजे मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ, वाघांच्या राखीव जंगलांत हयात गेलेली. मी त्यांना गवतांच्या जाती सांगत होतो आणि त्यांना कंटाळा आलेला स्पष्ट दिसत होता. तेवढ्यात भिवाभाऊंनी नुसती हनुवटी उचलली. पलीकडच्या ओघळीतून एक लांडगा वर आला. मातकट, लांब पायांचा, जणू गावात कामाला निघालाय असा. कळपाला समांतर चालू लागला. कुत्री उठली, गुरगुरली, पण धावली नाहीत. मेंढ्यांनी तोंडं वर केली आणि पुन्हा चरायला लागल्या. तो थांबला, आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि उताराला उतरून गेला. अध्यक्षांच्या हातातला चहाचा कप तिरका झाला होता आणि चहा त्यांच्या बुटावर गळत होता.

त्यांचा आवाजच बदलला. त्यांनी भिवाभाऊंना हिंदीत विचारलं की हा तुमच्या मेंढ्या नेतो, तुम्हाला राग येत नाही? भिवाभाऊंना हिंदी येत नव्हतं. मी प्रश्न मराठीत सांगितला. त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले, पटका सारखा केला आणि सावकाश उत्तर दिलं.

"राग येतो की. पन त्याचा बी वाटा हाय, त्यो नेनार. त्यो आमच्या मेंढरांच्या मागनं ऱ्हातो. आमाला हितनं हाकललं तर त्यो बी जाईल. मंग हितं तुमी राखनार काय, वारा?"

मी अध्यक्षांकडे वळलो. मधे किती वेळ गेला असेल? एक श्वास. त्या श्वासात मी हिशेब केला. हे गृहस्थ राखीव जंगलांत वाढलेले. चराई हा शब्द ऐकला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची, हे मी दिल्लीत पाहिलं होतं. आता त्यांचं मन वळलंय. आता मधे मेंढरांच्या हक्काची गोष्ट काढली तर वळलेलं मन परत फिरेल. एका भेटीत एकच मागणी. आज माळ पडीक यादीतून बाहेर काढू, चराईचं पुढच्या भेटीत बघू.

मी हिंदीत म्हणालो, "हे म्हणतात, लांडग्याचाही वाटा आहे. तो नेणारच."

अध्यक्षांनी भिवाभाऊंचे दोन्ही हात हातात घेतले. भिवाभाऊ खूश झाले. फोटो निघाला. त्या फोटोत मी मधे उभा आहे आणि मागे डोक्यावर पदर घेतलेली त्यांची नवी सून सुमन आहे. ती माझ्याकडे बघते आहे. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

ते वाक्य दिल्लीत पाखरासारखं उडालं. अहवालाच्या सुरुवातीलाच छापलं गेलं, भाषणांत आलं. आणि मागणी मान्य झाली. माळ पडीक यादीतून निघाले. मी हॉटेलच्या खोलीत अक्षरशः नाचलो. नारायणगावात सत्कार झाला, शाल मिळाली, नारळ मिळाला.

मग अंतिम सूचनांचा सगळा मजकूर हातात आला. त्यात लिहिलं होतं की असे महत्त्वाचे माळ माणसांच्या आणि पाळीव जनावरांच्या वावरापासून मुक्त ठेवावेत. कारण दिलं होतं ते असं: तिथल्या मेंढपाळ समाजाचा वन्यप्राण्यांविषयीचा उदार भाव पाहता त्यांच्याकडून विरोध संभवत नाही.

पुढची भेट झालीच नाही. समितीचं काम संपलं, अध्यक्ष घरी गेले, मी धावाधाव केली पण दारं बंद झाली होती. त्या उन्हाळ्यात आण्याच्या माळावर जेसीबी आला आणि मेंढरांच्या जुन्या वाटेवर आडवा चर खणला गेला, गाडीही जाणार नाही इतका रुंद. पाटी लागली, राखणदार बसला.

भिवाभाऊंना मी बेल्ह्याच्या बाजारात भेटलो. ते कळपातल्या मेंढ्या विकायला घेऊन आले होते. टेम्पोवाले व्यापारी भोवती उभे होते आणि भिवाभाऊ भावात घासाघीस करत नव्हते. ज्या माणसाने एका कोकरासाठी दुपार घालवली असती, तो समोरचा म्हणेल त्याला मान हलवत होता. मला पाहून ते बाजूला आले. मला वाटलं आता शिव्या देतील. त्यांनी विचारलं, "वकील, त्या सायबाला मी म्हनलं व्हतं ना, आमाला हाकललं तर त्यो बी जाईल? इसरला का काय त्यो?"

मी म्हणालो, "मोठी माणसं. विसरले असतील."

माळावर जे मी केलं ते एका श्वासात केलं. बाजारात जे केलं त्याला तेवढीही सबब नाही.

आणि भिवाभाऊ म्हणाले होते तसंच झालं. मेंढरं गेली तशी गवत कमरेएवढं वाढलं, वाळलं, एका उन्हाळ्यात वणवा लागला. माळटिटवीला उघडी जागा उरली नाही. लांडगा मेंढरांच्या मागे पांगला, मग वस्त्यांच्या कडेला दिसू लागला, कोंबड्या नेऊ लागला, आणि कालपर्यंत ज्याला कुणी नावं ठेवत नव्हतं त्याच्या नावाने ग्रामसभेत ठराव होऊ लागले. मी निवृत्त झालो तेव्हा संस्थेने निरोप समारंभात मागे पडद्यावर ते वाक्य लावलं होतं. 'लांडग्याचाही वाटा आहे.' मला जेवण गेलं नाही.

काही वर्षांनी पेपरात वाचलं की त्या सूचनांचा फेरविचार होणार आहे, हरकती मागवल्या आहेत, दिल्लीत सुनावणी आहे. मी म्हातारा माणूस खुर्चीतून असा उठलो की चष्मा खाली पडला. संस्थेतल्या नव्या मुलामुलींनी उत्तम हरकत लिहिली, मला दाखवली. मी म्हणालो, भिवाभाऊंना घेऊन जाऊ. आणि मग त्यांना मी माळावर काय केलं ते सांगितलं. त्यांच्यातली एक म्हणाली की काका, हे तिथे बोलू नका. तुमचं एक वाक्य खोटं ठरलं तर विरोधक म्हणतील सगळंच खोटं, आणि माळ पुन्हा पडीक यादीत जातील. ती बरोबर बोलत होती. मी तसं कबूलही केलं.

आम्ही तिघं रेल्वेने निघालो. भिवाभाऊ, सोबत सुमन, आणि मी. डब्यातल्या एसीला शिव्या घालत भिवाभाऊंनी घोंगडी पांघरली आणि खिडकीतून मध्य प्रदेशातल्या गवताला नावं ठेवत राहिले. कुठे कळप दिसला की हाडं निघालेली मेंढरं म्हणून मान फिरवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चूळ भरायला गेले तेव्हा सुमन समोरच्या बाकावरून सरकून जवळ आली.

"काका, एक इचारू? त्या सायबाला त्या दिवशी तुमी निम्मंच का सांगितलं?"

मी हातातला कागद खाली ठेवला.

"मला हिंदी कळतं. सिरियली बघून. तवा बी कळत व्हतं."

मी विचारलं, मग तेव्हाच का बोलली नाहीस? ती हसली. "नवी सून व्हते. पावण्यांम्होरं तोंड उघडलं आसतं तर मामांनी मलाच चराईला धाडलं आसतं." मग हसू गेलं. "आन मला वाटलं, वकील मानूस हाय, त्याचं काय तरी गणित आसंल. मामांना मी आजवर सांगितलं न्हाई. ते अजून त्या सायबालाच इसराळू म्हनत्यात."

भिवाभाऊ तोंड पुसत आले आणि ती परत आपल्या जागेवर जाऊन बसली. उरलेल्या प्रवासात मी सुनावणीचे मुद्दे वाचत होतो असं दाखवलं.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल आणि प्रत्येकापुढे लाल बटणाचा माइक. या वेळी अध्यक्ष एक बाई होत्या, बारीक चष्म्याच्या, सगळे कागद वाचून आलेल्या. आमचा नंबर आल्यावर त्यांनी जुना अहवाल उघडला आणि वाचलं की तुमच्याच भागातले मेंढपाळ म्हणाले होते, लांडग्याचाही वाटा आहे. म्हणजे त्यांची तक्रार नव्हती. मग आता चराईची मागणी कुठून आली?

"बाई काय म्हनती?" भिवाभाऊंनी विचारलं. सुमनने त्यांना कानात सांगितलं. त्यांनी पटका सारखा केला, बटण दाबलं, माइक बंद झाला, सुमनने परत चालू केला. आणि ते बोलले. तेच बोलले. राग येतो की, पन त्याचा बी वाटा हाय, त्यो आमच्या मागनं ऱ्हातो, आमाला हाकललं तर त्यो बी जाईल. फक्त शेवटी वाऱ्याचं बोलले नाहीत. म्हणाले, "हाकललं. त्यो बी गेला. मी खोटं बोललो व्हतो का?"

सुमन माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "पुरं सांगा, काका."

मी पुरं सांगितलं. एकेक शब्द. अध्यक्षबाईंनी अहवालावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या की हे यात नाही. ही गोष्ट तेव्हाच का सांगितली नाही?

सोपं उत्तर तयार होतं. तेव्हा परिस्थिती वेगळी होती, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. संस्थेतली मुलगी पलीकडे बसली होती, तिने डोळे मिटून घेतले. मी म्हणालो, "यांनी तेव्हाही हेच सांगितलं होतं. दुभाषा मी होतो. अर्धं मी गाळलं." आणि मग भिवाभाऊंकडे वळून तेच मराठीत म्हणालो, कारण ते त्यांना हिंदीतून, दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको होतं.

विरोधी बाजूचे एक गृहस्थ लगेच उठले की मग यांच्या कुठल्याच म्हणण्यावर भरवसा काय. अध्यक्षबाईंनी त्यांना हाताने बसवलं. त्या म्हणाल्या, यांच्यावर ठेवू नका. ज्याचं बोलणं आहे तो समोर बसलाय, त्याला विचारा. आणि पुढे चांगला वेळ त्या भिवाभाऊंना विचारत राहिल्या. कुठल्या महिन्यात येता, कुठून जाता, लांडगी पिल्लं कुठे घालते, त्या वेळी मेंढरं कुठे नेता. दुभाष्याचं काम सुमनने केलं. तिचं हिंदी सिरियलचं होतं, अध्यक्षबाईंना मधूनच 'माँजी' म्हणत होती, पण एक शब्द गाळत नव्हती. माझा माइक बंद होता, आणि खरं सांगतो, त्या खोलीत मी इतका खूश कधीच झालो नव्हतो. भिवाभाऊंनी ओढून नेलेल्या बैलाचीही गोष्ट सांगितली. सुमनने तिचंही भाषांतर केलं आणि वर म्हणाली, ये झूठ है.

बाहेर आल्यावर भिवाभाऊ माझ्याशी बोलले नाहीत. रेल्वेत बोलले नाहीत. खिडकीतल्या गवताला नावंसुद्धा ठेवली नाहीत. नगर मागे पडल्यावर घोंगडीतून तोंड बाहेर काढून म्हणाले, "बेल्ह्याच्या बाजारात म्हनला व्हता, सायेब इसरला. ते बी खोटं?"

"तेही खोटं."

त्यांनी घोंगडी खांद्यावर ओढून घेतली. मग म्हणाले, "लांडगा बरा, वकील. पोटाला लागतं तेवढंच नेतो. तुमी माझं निम्मं बोलनं नेलं, आन भूक बी नव्हती."

नव्या सूचना निघाल्या त्या या वर्षी. गवताळ माळ पडीक यादीबाहेरच राहिले आहेत, आणि त्याच परिच्छेदात लिहिलं आहे की परंपरेने होत आलेली हंगामी चराई हा माळाच्या राखणीचाच भाग मानावा, लांडगीची पिल्लं असतात त्या काळात त्या जागा सोडून. ही शेवटची अट भिवाभाऊंच्या उत्तरातून आली आहे. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. मी तिच्यातला एकही शब्द सुचवलेला नाही, आणि माझ्या सगळ्या कारकिर्दीत याहून चांगली ओळ दिल्लीतून आलेली नाही. आण्याला जाऊन पाहिलं. चर जुन्या वाटेपुरता बुजवला आहे. भिवाभाऊ तिथे होते, कळप आता लहान झालाय. त्यांनी मला चहा दिला. फोटोचं विचारलं नाही.

आणि गेल्या महिन्यातला तो फोन. दुपारची वेळ, मी नुकता जेवून पडलो होतो. पलीकडून नुसत्या शिव्या ऐकू येत होत्या, लांडग्याला, त्याच्या आईला, कुत्र्यांना, पुन्हा लांडग्याला. मी उठून बसलो. बोलणारे भिवाभाऊ होते. भर दिवसा ओघळीतून वर आला, म्हणाले, आणि चांगलं पाठीवर काळा ठिपका असलेलं कोकरू डोळ्यांदेखत उचलून नेलं.

"कोण?" मी विचारलं. मला ठाऊक होतं, पण ऐकायचं होतं.

"कोन म्हंजे? वाटेकरी. आला बरं का, वकील. माघारी आला."

मी विचारलं, "राग आला का, भिवाभाऊ?"

"आला की. लई आला. तवा बी येत व्हता." मग त्यांनी पुढे सांगितलं, "हे बी लिवा. आन निम्मं लिवू नका."